कमानीवरची इडनी

आमच्या हेसलवर्थच्या चर्चमध्ये वेदीच्या अलीकडे एक उंच कमान आहे. तिच्यावरच्या भिंतीवर जगाच्या शेवटचा, देवाच्या न्यायाचा दिवस रंगवायचा, असं रेजिनल्ड वायथच्या डोक्यात आलं. वायथ लोकरीचा व्यापारी, आणि चर्चचा कारभारीही तोच. शेजारच्या गावात कमानीवर स्वर्ग-नरक आहेत आणि आपल्याकडे नुसती पांढरी भिंत, याची त्याला लाज वाटायला लागली होती. देवाची काही तक्रार नव्हती. पण माणसाकडे लोकर जास्त झाली की देवाला काय हवं ते त्यालाच आधी कळतं.

भिंतीच्या गिलाव्याला चुना माझ्या भट्टीतला. गावात चुन्याची भट्टी माझी एकट्याची. त्याच हिवाळ्यात माझी बायको इडनी तापानं गेली. तिकडे भिंतीला गिलावा चढत होता आणि मी भट्टीपाशी बसून राहत होतो. घरी जाऊन करायचं काय, हा प्रश्न होता.

इडनी बिअर काढायची. नवा घाणा तयार झाला की दारावरच्या काठीला हिरव्या पाल्याची जुडी बांधायची. जुडी दिसली की माणसं हातातलं काम टाकून यायची. वायथची बायकोही बिअर काढते. तिच्या दारावरची जुडी बिचारी वाळून जायची, कारण ती बिअर प्यायला माणूस तहानलेला असून भागत नाही, तो नाइलाजाला आलेला असावा लागतो. हे माझे शब्द नाहीत, इडनीचे आहेत. जत्रेच्या दिवशी, वायथ समोर उभा असताना, ती हे मोठ्यानं बोलली होती. लोक हसले होते. वायथही हसला होता, पण ओठांनी.

चित्रकार शहरातून आला. पियर्स त्याचं नाव. ईस्टरआधीच्या उपासाचे सगळे आठवडे कमानीपुढे मोठा पडदा लावलेला होता आणि त्यामागे त्याचं काम चाललं होतं. ईस्टरच्या सकाळी पडदा खाली आला.

मधोमध इंद्रधनुष्यावर ख्रिस्त बसलेला. त्याच्या उजव्या हाताला तरलेले लोक, सगळे नागवे, सगळे एकाच तोंडवळ्याचे, जणू एकाच पिठाचे गोळे. त्यांत एक बिशप, तोही नागवा, पण डोक्यावरची टोपी शाबूत. एक राजा, मुकुटासकट. देवापुढे सगळे सारखे म्हणतात ते हेच असावं. फक्त टोप्या तेवढ्या राहू देतात. खालच्या कोपऱ्यात वायथ आणि त्याची बायको गुडघे टेकून, अंगावर फरचे झगे घालून. त्यांना मेल्यावरही थंडी वाजणार होती बहुतेक.

दुसऱ्या बाजूला नरक. एक सैतान पाठीवर बाई टाकून आगीकडे चाललेला. बाईच्या अंगावर काही नाही, फक्त डोक्याला फडकं, आणि त्याची गाठ उजव्या कानावर. पुढच्या दोन दातांत फट. हातात बिअरचं माप, आणि त्याच्या तळाशी जेमतेम घोटभर.

"अगं बाई, ही तर इडनी," गिरणीवाली माझ्यामागे म्हणाली. मग एक हसला, मग दहा हसले. ईस्टरला हसावंच म्हणतात.

बाहेर आल्यावर मी फादर ऑस्बर्टना गाठलं. वायथ त्यांच्या शेजारीच उभा होता. तो नेहमी तिथेच असतो.

"फादर, माझी बायको नरकात का आहे?"

"ती तुझी बायको नाही, हॅमंड. ती शिकवण आहे. माप मारणारी बिअरवाली प्रत्येक गावच्या नरकात असते. तशी रीतच आहे."

"गाठ उजव्या कानावर आहे."

"गाठ कुठेतरी असणारच."

"आणि दात?"

फादर आकाशाकडे बघायला लागले. त्यांना अडचण आली की ते तिकडे बघतात. तिथून अजून तरी काही आलेलं नाही.

"मनाला लावून घेऊ नकोस रे," वायथ म्हणाला. "माणसाला चेष्टा कळली पाहिजे."

"शेठ, बिअर तर तुमच्या घरीही निघते."

"माझी बायको स्वर्गात आहे. पाहिलं नाहीस?"

"पाहिलं. पातळ काढणाऱ्यांना तिकडे घेतात, हे मला माहीत नव्हतं."

वायथचा चेहरा लाल झाला. फादरनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दुःखात माणूस काहीही बोलतो, असं त्याला सांगितलं. मी दुःखात होतो हे खरं आहे. पण बोललो ते शुद्धीवर.

इडनीनं आयुष्यात कोणाला माप कमी दिलं नाही. बिअर चाखून माप तपासणारा गावचा माणूस सगळ्यांना दंड करायचा, तिला कधी केला नाही. तिला राग यायचा, ती तोंडाळ होती, रविवारी प्रवचनात तिला झोप लागायची. या कशासाठीही तिला आगीत टाकलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण माप कमी दिलं म्हणून? तेही आता, तिला उत्तर देता येत नसताना? आणि एकदा भिंतीवर चढलं की ते आमच्या नातवंडांच्याही पुढे टिकणार. तिला पाहिलेला कोणी उरणार नाही, आणि भिंत बोलत राहील.

मी भट्टी विझवली.

त्या वर्षी चर्चचा मनोरा वाढवायचा होता. वायथला तोही शेजारच्या गावापेक्षा उंच हवा होता. गवंडी आले, दगड आला, चुना नाही. दुसरी भट्टी नदीपलीकडे, आणि तिथला रस्ता असा की चुना पोचेपर्यंत भिजून गाडीतच फुटतो. गवंडी मनोऱ्याच्या सावलीत बसून वायथचं खात होते आणि चांगलं खात होते. मला कोणी विचारलं तर मी सांगायचो, बायको गेल्यापासून हात चालत नाहीत. दुःखात माणसाला सूट असते, फादरच म्हणाले होते.

गवत कापणीच्या सुमाराला वायथ स्वतः भट्टीवर आला. बूट चुन्यानं पांढरे होतील म्हणून लांबच उभा राहिला.

"पुसून टाक तिला," तो म्हणाला. "चुना तुझा, हात तुझा. पण मला मनोरा पाहिजे."

"आजच पुसतो, शेठ."

मी कालवलेल्या चुन्याची बादली आणि कुंचला घेऊन चर्चमध्ये गेलो. पियर्स अजून गावातच होता, दाराच्या समोरच्या भिंतीवर संत ख्रिस्तोफर रंगवत होता. त्यानं शिडी लावून दिली, वर उभं राहायला फळी टाकली आणि माझ्यामागे चढला.

"मामा, पुसायचीच कशाला? म्हणत असाल तर स्वर्गात घालतो. बिशपच्या मागे जागा आहे."

"ओळखू येईल?"

"फडकं नाही येणार. तिकडे टोप्या फक्त मोठ्या लोकांना. आणि तोंड मिटलेलं लागतं. तरलेले दात दाखवत नाहीत."

"माप?"

"स्वर्गात माप कशाला?"

"मग ती कोण असेल?"

"एक आत्मा," तो म्हणाला आणि ओशाळून बोटांवरचा रंग खरडू लागला.

मी वळलो आणि इडनी माझ्यासमोर आली, हातभर अंतरावर. खालून नुसती गाठ आणि दात दिसत होते. वरून दिसलं की ती हसते आहे. घाबरलेली नाही, रडत नाही. सैतानाच्या खांद्यावरून मागे बघून, डावा डोळा थोडा बारीक करून हसते आहे. कोणाची तरी खोड काढल्यावर ती असंच बघायची. तिचा हा चेहरा मला महिनोन्‌महिने आठवत नव्हता. डोळे मिटले की तापातला चेहरा यायचा, ओठ फुटलेला. तोच शेवटपर्यंत राहणार, असं मी धरून चाललो होतो.

"गाठ आणि दात वायथनं सांगितले असतील," मी म्हणालो. "हे हसणं कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मागच्या उन्हाळ्यात भिंत मोजायला आलो होतो ना. तुमच्या दारात जुडी दिसली. बसलो."

"तुला माप कमी दिलं तिनं?"

"छे. वर आणखी ओतलं. म्हणाली, शहरातली माणसं वाळकी असतात."

"मग हे तळाशी का?"

"मामा, नमुन्यात तसंच असतं. मी सगळीकडे तसंच काढतो."

"भर ते."

"काय?"

"माप भर. काठापर्यंत. फेस वर आला पाहिजे."

 पियर्स उतरला आणि पिवळ्या मातीचा रंग वाटीत घेऊन आला. मी बादली खाली पाठवून दिली. तो काम करत होता तोवर मी फळीवरच बसलो होतो. माझं तोंड तिच्याकडेच होतं. फेस त्यानं असा काढला की तो सैतानाच्या कानावर ओघळला. त्याचे पैसे त्यानं मागितले नाहीत.

संध्याकाळच्या प्रार्थनेला फादर आले आणि मान वर करून उभे राहिले.

"पुसणार होतास ना?"

"राहू दे म्हटलं."

"पण हे माप भरलेलं आहे."

"होय."

"हॅमंड, भरलेलं माप घेऊन बाई नरकात कशी जाईल? लोक विचारतील, हिचं पाप काय."

"विचारतील, फादर."

"मग मी काय सांगू?"

"ते तुम्ही ठरवा. रीत तुमची आहे."

दुसऱ्या दिवशी मी भट्टी पेटवली. मनोरा झाला. शेजारच्यापेक्षा उंच आहे, आणि थोडा कललेला. वायथला अजून तो सरळच दिसतो.

बाहेरगावचे लोक येतात, कमानीकडे बघतात आणि फादरना विचारतातच. सुगीला आलेल्या गाडीवाल्याला ते म्हणाले, ती गर्विष्ठ होती. नाताळात एका बाईला म्हणाले, प्रवचनात झोपायची. परवा कोणाला तरी म्हणाले, तिची जीभ फार तिखट होती. मी रविवारी कमानीसमोरच उभा असतो, मला सगळं ऐकू येतं. जीभ तिखट होती, हे खरं आहे. मी मान डोलावतो. मापाबद्दल आता कोणी काही बोलत नाही.