नऊ नंबरचा झेंडा

श्रीपतराव जगतापांचं डोकं त्या रविवारी सकाळी पावणेसातलाच फिरलं, आणि त्याला कारण होता ढोल. आता तुम्हीच सांगा, ज्या खेळात माणसानं एकट्यानं, तोंड मिटून, नकाशा वाचत पळायचं, त्याच्या सुरुवातीला ढोल कशाला? कोणाचं लग्न आहे का? पण समरजितनं, म्हणजे त्यांच्याच पोटच्या पोरानं, ढोलवाले आणले होते. शिवाय फुग्यांची कमान होती, टी-शर्ट होते, शेव-उसळीची गाडी होती आणि माइक धरून "केम छो बडोदा!" म्हणून ओरडणारा एक मुलगाही होता. सावली गावाच्या पुढे, मही नदीकाठच्या रानात, जिथं बडोदं पंचवीस-तीस किलोमीटर मागं राहिलेलं, तिथं तो बडोद्याला हाका मारत होता.

"नाकापेक्षा मोती जड झालाय," श्रीपतराव म्हणाले. ढोलामुळं कोणाला ऐकू गेलं नाही.

खेळ खरं तर साधा. एका हातात नकाशा, दुसऱ्या हातात होकायंत्र. रानात पंधरा ठिकाणी केशरी-पांढरे झेंडे लावलेले असतात, आणि नकाशावर त्यांच्या जागा असतात. ते क्रमानं शोधायचे, प्रत्येक झेंड्याला टांगलेल्या पंचनं आपल्या कार्डाला भोक पाडायचं आणि परत यायचं. मोबाइल नाही, कोणाला विचारणं नाही, कोणाच्या मागून जाणं तर मुळीच नाही. कागदोपत्री याला ओरिएंटियरिंग म्हणतात; जगतापांच्या घरात नुसतं 'नकाशा' म्हणतात. श्रीपतरावांचे पणजोबा गायकवाडांच्या पागेत होते. ते स्वतः पाटबंधारे खात्यात सर्व्हेअर म्हणून राबले आणि निवृत्त झाले. महीकाठची कोतरं, म्हणजे पाण्यानं कापलेल्या मातीच्या त्या घळी, त्यांनी पायानं मोजून कागदावर उतरवल्या होत्या. बावीस वर्षं दर हिवाळ्यात त्यांची डझनभर माणसं तिथं पळायची, मग एका थर्मासातला चहा प्यायची आणि घरी जायची. कोणाचं काही अडलं नव्हतं.

मग दोन वर्षांपूर्वी मयंक नावाच्या एका पोरानं कोतरांतून पळतानाचा व्हिडिओ टाकला, तो लाखभर लोकांनी बघितला आणि लागली रीघ. समरजितचं बडोद्यात अलकापुरीला कार्यक्रम भरवण्याचं ऑफिस. त्याचे डोळे चमकले. "आबा, खेळ वाढतोय, तुम्ही खूश व्हायला पाहिजे!" आबा खूश नव्हते. पायवाट नसलेल्या घळींत पायवाटा पडल्या होत्या, आणि नकाशा उलटा धरणारी माणसं होकायंत्राबरोबर सेल्फी काढत होती.

बरं, नको म्हणावं तर तेही जमेना. समरजितची मुलगी मोहना अकराव्या वर्षापासून आजोबांच्या मागं नकाशा घेऊन पळत आलेली. आता एकोणीस पूर्ण. येत्या जूनला वीस पूर्ण झाली की ज्युनियर गट संपला. राज्याच्या ज्युनियर संघात मुलींच्या दोनच जागा, आणि संघटनेचा यंदाचा नवा नियम असा की निवडीची शर्यत धरायची तर तिला किमान शंभर स्पर्धक पाहिजेत. डझनभर माणसांची शर्यत कोणी विचारातच घेणार नव्हतं. म्हणजे गर्दी नको तर नातीची निवड नाही, आणि निवड हवी तर हा ढोल ऐका. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

दोनशे चाळीस लोक आले होते.

श्रीपतरावांचं एकच म्हणणं होतं, निदान एकेकाला मिनिटामिनिटाच्या अंतरानं सोडा. बावीस वर्षांची पद्धत होती ती; म्हणजे पुढचा दिसत नाही, ज्याचा त्याला रस्ता शोधावा लागतो. "आबा, दोनशे चाळीस मिनिटं म्हणजे चार तास!" समरजित म्हणाला. "शेवटचा सुटेपर्यंत ऊन डोक्यावर येईल. सगळे एकदम सोडू. शॉटपण भारी येतो."

"शॉट! तू शर्यत घेतोयस की वरात काढतोयस?"

सात वाजता वरात निघाली. धुरळा उडाला, दोनशे चाळीस जण नकाशाची घडीही न उघडता पहिल्याच्या पाठीमागं धावत सुटले, आणि श्रीपतराव शेवटच्या रेषेजवळच्या टेबलाशी कपाळाला हात लावून बसले.

मोहना एक तास बारा मिनिटांत परतली. मुलींत पहिली, तीही सहा मिनिटांनी! श्रीपतराव उठून उभे राहिले, त्यांचे डोळे भरून आले आणि घटकाभर ते ढोलवाल्यांनासुद्धा माफ करायला तयार झाले. समरजितनं लेकीला उचलून गरकन फिरवलं. दुसरी आलेली मुलगी आणंदची. आता निकालाच्या कागदावर श्रीपतरावांची सही व्हायची आणि संध्याकाळी पाचच्या आत कागद संघटनेकडे जायचा, की झालं.

अकरापर्यंत सगळे परतले. शेव-उसळ संपली, कमान उतरली, ढोलवाले गेले. पण एक कार्ड यायचं राहिलं होतं. नंबर दोनशे सतरा, नीरा प्रधान, निजामपुरा.

"आबा, सही करून टाका ना. ती बाई मधूनच घरी गेली असेल."

"तिची स्कूटर तिथं उभी आहे. तुझ्या कमानीमागं होती म्हणून तुला दिसली नसेल." शेवटचा माणूस रानातून बाहेर आल्याशिवाय सही नाही, हा श्रीपतरावांचा नियम होता आणि तो त्यांनी कधी मोडला नव्हता.

बारा वाजले. एक वाजला. आधी ते चिडले. कोणी सांगितलं होतं हिला यायला? रविवारी घरी बसावं, पुऱ्या तळाव्यात! मग ते घाबरले, आणि घाबरल्यामुळं आणखी चिडले. महीची कोतरं म्हणजे काही बाग नाही. पाय मुरगळून पडली असेल तर हाक वरपर्यंत यायची नाही. ते मोहनाला घेऊन शोधायला निघणार, इतक्यात बांधावरून एक पन्नाशीची बाई चालत आली. केसांत धूळ, ओढणीला काटे, आणि कार्ड छातीशी धरलेलं. पंधराच्या पंधरा भोकं होती.

"बाई, पावणेदोन वाजलेत!" श्रीपतराव कडाडले. "सात तास! इथं आमचा जीव टांगणीला!"

"सॉरी हं काका," ती म्हणाली. पाणी प्यायली, श्वास घेतला, आणि जरा चाचरत म्हणाली, "चूक माझीच असेल. पहिल्यांदाच खेळतेय. पण तुमचा नऊ नंबरचा झेंडा चुकीच्या ठिकाणी आहे."

समरजित हसला. मोहनाही हसली. श्रीपतराव हसले नाहीत, कारण त्यांचं पित्त खवळलं होतं.

"बावीस वर्षं मी झेंडे लावतोय. तुम्ही काय करता?"

"फार्मासिस्ट आहे. औषधाची चिठ्ठी दोनदा वाचल्याशिवाय माझा हात फडताळाकडे जात नाही, खोड आहे ती." तिनं नकाशा टेबलावर पसरला. "हे बघा. फाट्यापासून एकशे वीस पावलं, मग डावीकडची तिसरी घळ. तिथं मी पाऊण तास शोधलं. काही नाही. परत फाट्यावर जाऊन पावलं मोजली. पुन्हा तीच घळ. तिसऱ्यांदा मोजली तेव्हा म्हटलं, आपण नवीन, आपलंच चुकतंय. मग आजूबाजूच्या सगळ्या घळी धुंडाळल्या. झेंडा चौथ्या घळीत मिळाला."

"चला," श्रीपतराव म्हणाले. "आत्ता दाखवतो तुम्हाला तिसरी घळ कुठली ते!"

फाट्यापासून ते स्वतः मोठ्यानं मोजत चालले. एकशे वीसला थांबले. पहिली घळ. दुसरी. तिसरीत ते उतरले, आणि तिथं माती होती, सुकं गवत होतं, बाईंच्या चपलांचे ठसे होते. झेंडा नव्हता. झेंडा पलीकडच्या चौथ्या घळीत निवांत फडफडत होता, आणि त्याच्याभोवतीची जमीन शेकडो बुटांनी तुडवून सपाट झाली होती. फोटोवाल्यांच्या तिपाईच्या खुणासुद्धा तिथंच. झेंडा दिसला तिथं त्यांनी कॅमेरा मांडला, कॅमेरा दिसला तिथं गर्दी गेली.

श्रीपतराव बांधावर बसले. काल दुपारी झेंडे लावताना फोन जीपमध्ये ठेवायचा सोडून त्यांनी खिशात ठेवला होता, आणि नेमका इथंच समरजितचा फोन आला होता, सगळ्यांना एकदम सोडायचं म्हणून. चालता चालता केवढे भांडले होते ते! "माझ्या खेळाचं वाटोळं केलंस," असं हातवारे करत ओरडताना एक घळ ओलांडली ती मोजायचीच राहिली. गर्दीला शिव्या देताना त्यांचं स्वतःचं मोजणं चुकलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. आता बोंब मारायची तरी कोणाच्या नावानं?

चुकलेल्या झेंड्याचा नियम सरळ आहे. शर्यत रद्द. आणि पाच वाजेपर्यंत नवी शर्यत घेता येत नाही.

टेबलाशी येऊन त्यांनी सांगितलं तेव्हा समरजितचा विश्वासच बसेना.

"आबा, काय बोलताय? दोनशे एकोणचाळीस जणांना सापडला झेंडा!"

"सापडला नाही. दिसला. सापडला तो एकट्या यांना."

"कोणाला कळणार आहे पण? सगळे एकाच झेंड्यावर गेले, सगळ्यांना सारखंच. यात अन्याय कुठं झाला? मोहना सहा मिनिटांनी पुढं होती, ते काय झेंड्यामुळं?"

"मी कोणाला बोलणार नाही काका, खरंच," नीराबाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. "मला माहीत नव्हतं हे असं... मी तर नुसतं..."

श्रीपतरावांच्या हातात पेन होतं. खोटं कशाला सांगा, त्यांचा हात सहीच्या जागेकडे गेला होता. पोरीची आठ वर्षं होती त्या कागदावर. पहाटे साडेचारला उठून आजीला जाग येऊ न देता बूट चढवणारी ती पोर, कॉलेजच्या सहलीला न गेलेली पोर. एक घळ इकडं की तिकडं, कोणाचं काय जातंय? तेवढ्यात त्यांनी मान वर केली. मोहना त्यांच्याकडे बघत नव्हती. ती नीराबाईंच्या नकाशाकडे बघत होती. त्यावर नऊ नंबरशी पेन्सिलीनं तीनदा पावलांचे आकडे लिहिलेले होते.

"तुम्ही तिथं पाऊण तास उभ्या होतात?" तिनं विचारलं.

"उभी कसली, शोधत होते ग."

"एकट्या?"

"सगळे केव्हाच पुढं गेले होते."

मोहनानं खिशातून स्वतःचा नकाशा काढला. घडी कडक होती, नऊ नंबरवर बोटाचा साधा मळसुद्धा नव्हता. "मी बघितलाच नाही," ती म्हणाली. "आबा, आठ नंबरपासून मी नकाशा उघडलाच नाही. समोर मयंक आणि ते सगळे दिसत होते, कॅमेरा दिसत होता. पंच मारला आणि पळाले. मला घळी मोजायचं सुचलंसुद्धा नाही."

"बेटा, शर्यतीत असं होतंच," समरजित म्हणाला.

"मला नाही होत, पप्पा. आबांनी मला बाकी शिकवलंय काय?"

हे ऐकून आबांना बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्यांना वाटलं, आपण बावीस वर्षं जसं माणूस शोधत होतो, तसं याच ढोलाच्या गर्दीतून दोनशे सतरावा नंबर लावून आलं, आणि जिला घडवली ती गर्दीबरोबर वाहून गेली. आणि दोघींच्या मधला झेंडा आपणच चुकवला.

"लिहा आबा. रद्द."

"मोहे, वर्ष जाईल. पुढं ज्युनियर नाही तुला."

"माहितेय मला!" ती ओरडली. "तुम्ही लिहिणार आहात की मी लिहू?"

श्रीपतरावांनी लिहिलं. 'झेंडा क्रमांक नऊ मांडणाऱ्याकडून चुकीच्या जागी लागल्यामुळे शर्यत रद्द.' 'मांडणाऱ्याकडून' हा शब्द खोडून त्यांनी त्या जागी स्वतःचं पूर्ण नाव घातलं आणि खाली सही केली. समरजितनं कागदाचा फोटो काढून संघटनेला पाठवला. मोहना जीपच्या मागं जाऊन हुंदके देऊन रडायला लागली. तिच्याजवळ नीराबाई गेल्या. श्रीपतरावांची जायची हिंमत झाली नाही.