हिरवं बटण, लाल बटण

बायडाबाईंची पाळी अमावास्येला बदलायची. एक महिना थोरल्या बजरंगकडे, एक महिना धाकट्या संपतकडे, असं वाटणीच्या वेळी भावकीसमोर ठरलं होतं. हिंजवडीतली जमीन कंपन्यांच्या काचेच्या इमारतींखाली गेली, पैसे आले आणि भावांनी ते निम्मेनिम्मे घेतले. आई काही निम्मी करता येईना, म्हणून महिने वाटून घेतले.

बजरंगनं गल्लीच्या या टोकाला दुमजली बंगला बांधला आणि पुढच्या खोलीत जमिनींच्या व्यवहाराचं ऑफिस थाटलं. धंदा दलालीचा, फोन चुकवून चालत नाही, म्हणून फोनवर सनई-चौघडा लावलेला. तो वाजला की अर्ध्या गल्लीला कळायचं. संपत मात्र त्या टोकाला जुन्याच घरात राहिला. शेजारी चार खोल्या काढल्या, कंपनीतल्या पोरांना भाड्यानं दिल्या आणि निवांत झाला. त्याचं हे निवांत होणंसुद्धा बजरंगच्या डोळ्यांत खुपायचं.

या खेपेला अमावास्या होऊन गेली तरी आई संपतकडून हलली नाही. बजरंगनं बायकोला, विजयमालाला, बोलवायला धाडलं, तर ती हात हलवत परत आली.

"त्या म्हणतात, तिकडचं बटण मला जमत न्हाय. हितं टीव्ही बरा दिसतोय."

बजरंगच्या अंगाचा तिळपापड झाला. संपतकडचा टीव्ही म्हणजे बजरंगनंच दिलेला जुना टीव्ही! बंगल्यात भिंतभर टीव्ही घेतला तेव्हा त्याच कंपनीचा जुना त्यानं मोठ्या मनानं धाकट्याला देऊन टाकला होता. आता तोच आईला बरा दिसत होता. लहानपणीही हेच. साय संपतच्या वाटीत, बजरंगला 'तू थोरला ना' एवढं ऐकवायचं. पन्नाशी आली तरी ती साय त्याच्या घशाखाली उतरली नव्हती.

बटणाची तक्रार मात्र खोटी नव्हती. बजरंगनं माडीवर थाटलेल्या 'थेटरा'त भिंतभर टीव्ही, आवाजाचा मोठा डबा आणि डिशचा डबा, अशी तीन यंत्रं होती. तिन्हींना मिळून त्यानं एक महागडा रिमोट आणला होता. एक बटण दाबलं की तिघांना हुकूम जायचा. पण चालू करायला तेच बटण आणि बंद करायलाही तेच. बायडाबाईंचा जन्म विहिरीवरची मोटार चालवण्यात गेलेला. मोटारीच्या स्टार्टरला चालू करायला हिरवं बटण आणि बंद करायला लाल. हिरवं चारदा दाबलं तरी चालू मोटार काही बंद पडत नाही. त्या सवयीनं त्या इथलंही बटण खात्रीसाठी दोनदा दाबायच्या. दुसरा हुकूम टीव्हीला ऐकू जायचा, आवाजाच्या डब्याला जायचा नाही. मग पडदा काळा आणि काळ्या पडद्यातून मालिकेतल्या सासूसुनांचं भांडण जोरात चालू.

"बजरंगा!" अशी हाक यायची. गिऱ्हाईक सोडून बजरंग धावत माडीवर जायचा, कपाळाला आठ्या घालून एकेक यंत्र ताळ्यावर आणायचा. आलोच आहे तर म्हणून घटकाभर आईशेजारी टेकायचा, तिच्या ओच्यातल्या चार भुईमुगाच्या शेंगा खायचा आणि पुन्हा खाली पळायचा. ही कटकट गेली तर आई कशाला जाईल, असं आता त्याच्या डोक्यानं घेतलं.

स्वारगेटजवळ नासिरचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. बजरंगनं त्याच्यापुढे गाऱ्हाणं मांडलं.

"साहेब, टीव्हीला पुष्कळ हुकूम कळतात," नासिर हातातल्या कामावरची नजर न काढता म्हणाला. "कंपनी सगळ्यांची बटणं देत नाही. 'नुसता चालू हो', 'नुसता बंद हो' हेही बहुतेक कळत असतं. पण त्याचा आकडा कुठं छापलेला नसतो. तुमच्या रिमोटला एकेक आकडा शिकवायचा, टीव्हीसमोर धरायचा आणि काय होतं ते बघायचं."

"मग दे की शोधून."

"दुकान चालवू का तुमचा टीव्ही बघत बसू? वेळ तुमच्याकडे आहे. बंगला आहे."

बजरंगला टोमणा कळला, पण तो गिळला. त्या दिवसापासून दुपारी ऑफिसला कुलूप लावून तो थेटरात बसू लागला. आकडा घालायचा, दाबायचा. बरेच आकडे मुकेच निघायचे. एका आकड्यानं माणसं हिरवी झाली, एकानं पडद्यावर कुठल्याशा परदेशी लिपीत अक्षरं उमटली आणि ती घालवण्यात अख्खी दुपार गेली. चालू करणारा आकडा शोधायचा तर टीव्ही बंदच ठेवायला हवा. विजयमाला चहा घेऊन आली तेव्हा नवरा काळ्या पडद्याकडे टक लावून बसलेला.

"अवो, काय बघताय?"

"आईचा टीव्ही."

ती चहा ठेवून गेली. नवऱ्याचं काय दुखतंय ते तिला पक्कं ठाऊक होतं.

आधी सापडला तो बंद करणारा आकडा. बजरंगनं तो पुन्हा दाबला, टीव्ही बंदच. आणखी चारदा दाबला, तरी बंदच. मग चालू करणाराही सापडला, आवाजाच्या डब्याचे आणि डिशचेही सापडले. त्यानं रिमोटच्या एका बटणावर हिरवी टिकली चिकटवली, दुसऱ्यावर लाल आणि स्वतः जाऊन आईला घेऊन आला.

बायडाबाईंनी हिरवं बटण दाबलं. सगळं चालू. सवयीनं पुन्हा दाबलं, तरी चालूच. लाल दाबलं, सगळं बंद.

"मोटारीवानी केलंस की रं!" त्या हरखून म्हणाल्या. बजरंगची छाती फुगली. आता संपतनं यावं आणि हे बघावं, असं त्याला फार वाटलं.

त्यानंतर माडीवरून हाक म्हणून आली नाही. बजरंग खाली गिऱ्हाइकं करत राहिला आणि वर टीव्ही बिनचूक चालत राहिला. आठवडाही झाला नसेल, बायडाबाईंनी आपली पिशवी भरली. "जाऊन येते वाईच संपतकडं," म्हणाल्या आणि गेल्या त्या तिथंच राहिल्या.

आता मात्र बजरंग जळून गेला. जेवण गोड लागेना. संपतनं काही शिकवलं असेल, त्याची बायको शालू गोड बोलून आईला ठेवून घेत असेल, असले विचार करून त्यानं स्वतःलाच पोखरलं. एका संध्याकाळी तो सहज म्हणून गल्लीच्या त्या टोकाला गेला. सहज कसला, पाय तिकडेच ओढत होते. संपतच्या घराची मागची खिडकी उघडी होती. आत आई मधे बसलेली, एका बाजूला संपत, दुसऱ्या बाजूला मटार सोलत शालू. तिघांच्या पाठी खिडकीकडे आणि समोर त्याचा जुना टीव्ही. आई कशाला तरी खळखळून हसली. आपल्या बंगल्यात ती अशी कधी हसली होती, ते बजरंगला आठवेना.

नवा रिमोट कौतुकानं खिशातच असायचा. एकाच कंपनीचे टीव्ही, हुकूमही एकच. त्यानं रिमोट काढला आणि लाल टिकली दाबली.

टीव्ही गेला. शालूनं उठून लावला. त्यानं पुन्हा घालवला. बजरंगच्या पोटात कितीतरी दिवसांनी गार वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो मालिकेच्या वेळेवरच गेला. तिसऱ्या दिवशीही. कढीपत्त्याच्या झुडपाआड, खिडकीखाली उकिडवा बसायचा आणि फक्त हात वर करायचा. पडदा दिसत नसला तरी अडत नव्हतं. साध्या रिमोटनं चालू झाला का बंद, याचा घोळ झाला असता. हा आकडा कितीही वेळा दाबा, बंद म्हणजे बंद. गावातला प्रतिष्ठित माणूस पांढऱ्या कपड्यांत भावाच्या परसात डास मारत बसला होता आणि त्याला त्याची लाजही वाटत नव्हती. आई वैतागेल, 'चल बाई थोरल्याकडं' म्हणेल, एवढ्याचीच तो वाट बघत होता.

त्या तिसऱ्या दिवशी टीव्ही पुन्हा पुन्हा गेला तेव्हा आत संपतचा आवाज आला.

"आई, ह्या डबड्याचं आता काय खरं न्हाय. तू दादाकडं जा. त्याच्याकडं बटण दाबलं की झालं."

बजरंग खिडकीखाली आणखी सरकला.

"तेच तर," आई म्हणाली. "बटण दाबलं की झालं. आदी बिघडायचं तवा हाक मारली की बजरंगा धावत यायचा. करवादायचा, पर येऊन बसायचा. माज्या ओच्यातल्या शेंगा खायचा. आता बिघडतच न्हाय, तर त्यो कशाला येतोय? एवढ्या मोठ्या खोलीत मी आन् त्यो पडदा. लेक खालीच असतोय, पर दिसत न्हाय."

मटाराच्या शेंगा तेवढ्या फुटत होत्या.

"हे बिघडलंय ते बरंच हाय," आई पुढे म्हणाली. "शालू, बजरंगाला फोन लाव. टीव्ही बंद पडलाय म्हण. येईल बघ पळत."

बजरंगच्या हे ध्यानात येऊन त्याचा हात खिशाकडे जाईपर्यंत उशीर झाला होता. कढीपत्त्याच्या झुडपात सनई-चौघडा दणक्यात सुरू झाला. फोन काढता काढता हातातून निसटला आणि चिखलात पडून वाजतच राहिला.

खिडकीत आधी संपतचं तोंड आलं, मग शालूचं. मग दोघांना बाजूला सारून बायडाबाई आल्या. खाली थोरला लेक उकिडवा, एका हातात चिखलानं भरलेला फोन, दुसऱ्यात टिकल्यांचा रिमोट. म्हातारीनं रिमोटकडे पाहिलं, वळून काळ्या पडद्याकडे पाहिलं. संपत हसू दाबत होता, तिनं त्याला कोपरानं ढोसलं.

"लाल दाबलंस व्हय रं?" ती म्हणाली. "आता हिरवं दाब आन् आत ये."

बजरंगनं मान खाली घालूनच हिरवं दाबलं. आत मालिकेतलं भांडण सुरू झालं. पाय धुऊन तो घरात आला तेव्हा शालूनं आपली जागा सोडली होती आणि आईनं ओच्यातल्या शेंगा मुठीत काढून ठेवल्या होत्या. तो तिच्या उजव्या बाजूला बसला. पलीकडून संपतनंही शेंगांसाठी हात पुढे केला. आईनं कुणाला किती दिल्या, ते बजरंगनं खाता खाता नीट बघून घेतलं.