बाकावर न बसणारा माणूस

बोलतोय तो मी, बाक. बागेतला नव्हे, शाळेतला तर नव्हेच. फुटबॉलच्या मैदानाच्या कडेला राखीव खेळाडू ज्याच्यावर बसून नखं खातात, तो.

माझं कुळ मोठं. ज्या झाडाचा मी झालो, त्याच्यावर एकदा वीज पडली होती. झाडाला काही झालं नाही, वीज लंगडत परत गेली. खोटं वाटत असेल तर विजेला विचारा.

सुतार मात्र घाईचा मिळाला. त्याने माझे पाय जोडले ते मधल्या अंगाला, जवळजवळ. त्यामुळे दोन्ही टोकं अधांतरी. मधले सगळे एकदम उठले की टोकावरचा थेट जमिनीवर. दुसऱ्या कुठल्या संघाने सुताराला परत बोलावलं असतं. आमच्या लोकांनी नियम केला: गोल झाला की टोकाच्याने आधी उठायचं, मग मधल्यांनी. तो त्यांच्या इतका अंगवळणी पडला, की असा काही नियम आहे हेच ते विसरून गेले.

माणूस ओळखायला मला चेहरा लागत नाही. ज्याला आत जायची आशा असते, तो काठावर बसून टाच हलवत राहतो. आशा संपलेला पाय लांब सोडतो. माझा सगळ्यात जुना रहिवासी म्हणजे राखीव गोलकीपर. माझ्यात ठोकल्यासारखा बसायचा म्हणून त्याला सगळे खिळा म्हणत. पण त्याची टाच कधी थांबली नाही, म्हणून तो माझा लाडका.

त्या वर्षी आमचा संघ तळाला जाऊन बसला. असंच चाललं असतं तर खालच्या गटात घसरलो असतो, आणि घसरलो तर प्रशिक्षकाला घरी पाठवीन, असं क्लबच्या अध्यक्षीणबाईंनी सगळ्यांदेखत बजावलं होतं. प्रशिक्षक म्हणजे आमचे मास्तर. पूर्वी शाळेत भूमिती शिकवायचे. अजूनही कोणाचा पास चुकला की ‘कोन बघ, कोन’ म्हणून ओरडायचे.

एका संध्याकाळी सराव संपल्यावर मास्तर खिळ्याशेजारी येऊन बसले.

“भडका येतोय आपल्याकडे.”

खिळ्याची टाच क्षणभर अडखळली. भडक्याला कोण ओळखत नव्हतं? वय उताराला लागलेलं, पाय अजून जादूचे, डोकं मात्र सदा तापलेलं.

“मागच्या क्लबात त्याने कर्णधाराला बर्फाच्या टबात ढकललं म्हणे.”

“ढकललं नाही. टब कर्णधारावर उपडा केला. नीट सांगावं माणसाने.”

“आणि बदल्यात कोण जातंय?”

मास्तरांनी बुटाची नाडी सोडली, परत बांधली. “दाजी.”

दाजी म्हणजे आमचा बचावपटू, खिळ्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. खिळा दाजी म्हणायचा म्हणून सगळा संघच म्हणायचा. अगदी गरीब गाय.

“मास्तर, ताई मला घरात घेईल का आता?”

“आपल्याला गोल हवेत रे. दाजी मारणार आहे गोल?”

“दाजी गोल होऊ देत नाही.”

“तेही खरंच आहे,” मास्तर म्हणाले.

भडका आला. दाढीत पांढरे केस, चालण्यात मात्र नवरदेवाची ऐट. त्याचा पास असा जायचा, की गवत बाजूला सरून वाट द्यायचं. एकदा तर चेंडू समोरच्या खेळाडूच्या पायापाशी थांबला, विचार केला आणि आमच्याकडे वळला. मी स्वतः पाहिलंय.

पण आल्या आल्या त्याने बसच्या ड्रायव्हरशी खिडकीवरून, मालिशवाल्याशी तेलावरून आणि पंचांशी सामना सुरू व्हायच्या आधीच भांडण काढलं.

आमच्याकडे एक रीत होती. आत जाणारा आपलं जाकीट माझ्यावर ठेवायचा. बाहेर आलेल्याने तेच अंगात घालायचं आणि शेवटच्या शिट्टीपर्यंत त्याच जागेवर बसायचं. जागा गार पडू द्यायची नाही. भडका बाहेर आला की जाकिटाकडे ढुंकूनही न बघता तडक कपडे बदलायच्या खोलीत जायचा आणि दार आपटायचा.

“मी बाकावर बसायला आलेलो नाही,” म्हणायचा.

आम्ही जिंकू लागलो होतो, त्याच्याच जिवावर. आणि जिंकून परतताना बसमध्ये कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

मग त्याची पोटरी धरली. डॉक्टर म्हणाले, अर्धा सामना बसून काढा. तो माझ्या शेजारी हट्टाने उभाच राहिला. पण पोटरी काही कोणाच्या धाकात नसते. अखेर माझ्या टोकाला जरासा टेकला, रुसलेला जावई सासरी टेकतो तसा.

तेवढ्यात आमचा गोल झाला. मधले सगळे उडाले. मी कललो. भडका चिखलात पाठीवर, पाय आभाळाकडे. गोलाचा आनंद राहिला बाजूला, सगळे पुतळ्यासारखे उभे. आता कोणता टब उपडा होतो, याची वाट बघत.

“हे मला कोणी सांगितलं का नाही?” तो खालूनच म्हणाला.

“बसलात कधी, म्हणून सांगणार?” खिळा म्हणाला. “टोकाच्याने आधी उठायचं असतं.”

“गोल झाला हे टोकाच्याला आधी कसं कळणार?”

“मैदानाकडे बघितलं की कळतं. तुम्ही पंचांकडे डोळे वटारत होता.”

आजवर लोक त्याला घाबरायचे, नाहीतर मस्का लावायचे. साधं उत्तर कोणी दिलं नसावं. तो उठला, चिखल झटकला आणि पुन्हा त्याच टोकाला बसला.

“परत झाला तर कोपर मार,” खिळ्याला म्हणाला.

तो सुधारला वगैरे समजू नका. भांडणं चालूच राहिली. फक्त आता तो रोज खिळ्याशी भांडायचा, भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजाऱ्यासारखा. बसमध्येही गलका परत सुरू झाला.

शेवटचा सामना नेमका दाजीच्या नव्या क्लबाशी. जिंकलो तर वाचलो, नाहीतर खालचा गट आणि मास्तर घरी. बरोबरी काही केल्या फुटेना. भडका लंगडायला लागला, तसा मास्तरांनी त्याला बाहेर येण्याची खूण केली.

तो पुटपुटत आला. माझ्यापाशी थांबला. आत गेलेला खेळाडू काडीपैलवान, त्याचं जाकीट भडक्याच्या कोपरापर्यंतच पोचलं. तशाच अवतारात तो त्या जागेवर बसला. मास्तरांनी वळून बघितलं नाही, पण त्यांचे खांदे खाली आले.

अगदी शेवटी आमचा चेंडू त्यांच्या गोलकीपरला चकवून आत निघाला होता. एक माणूस घसरत आला आणि रेषेवरून त्याने चेंडू बाहेर मारला. दाजी. मग शिट्टी वाजली.

“तुझा दाजी चांगला खेळतो,” भडका म्हणाला.

“मी मास्तरांना सांगितलं होतं.”

“ताईला म्हणावं, आज त्याला पोटभर जेवायला घाल.”

अध्यक्षीणबाई तिथेच आल्या. मास्तरांना त्यांनी रजा दिली. मग भडक्याकडे वळल्या. “तुम्ही मात्र राहा. तुमच्याशिवाय आम्ही परत वर येणार नाही.”

“मला आणूनही संघ घसरला म्हणून मास्तरांना घालवताय, आणि मलाच ठेवताय. हे काही जमत नाही, बाई.” त्याने जाकिटाची घडी घालून माझ्यावर ठेवली आणि मास्तरांच्या मागे निघून गेला. दार आपटल्याचा आवाज आला नाही. मी बराच वेळ कान देऊन होतो.

पुढे क्लबात गादीच्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी गोदामामागे झाली. खिळ्याने मला टेम्पोत घालून मास्तरांकडे आणलं. मास्तर आता बेकरीवाल्यांच्या आणि बसड्रायव्हरांच्या संघाला शिकवतात. भडका पोटरी सांभाळत त्यांच्यात खेळतो. खिळा गोलात उभा असतो. माझ्यावर फारसा बसत नाही, याचं मला वाईटही वाटतं आणि बरंही वाटतं.

दाजी देऊन भडका घेतला ते बरोबर की चूक, यावर इथे अजून वाद होतात. मी लाकूड, मला मत विचारू नका. माझा एक पाय वाळवीने धरलाय. जमलं तर रंगाचा एक हात मारा, एवढीच विनंती.

कालचंच सांगतो. मास्तर आणि भडका माझ्यावर बसले होते.

“तो पावभट्टीवाला आपल्याकडे यायचं म्हणतोय,” मास्तर म्हणाले. “खेळतो झकास. पण जुन्या संघात सगळ्यांशी वाजलंय त्याचं. रागाच्या भरात चेंडू भट्टीत टाकला म्हणे. घ्यावा का?”

“मुळीच नको,” भडका म्हणाला. “फार ताप असतो असल्या माणसांचा. सगळ्यांची डोकी खातात.”

“मग नाही म्हणून सांगतो.”

भडक्याने वाकून पोटरी चोळली.

“कधी येणार म्हणत होता?” त्याने विचारलं, आणि माझ्यावर एका माणसापुरता बाजूला सरकला.