मी लोळोबा नव्हे

मी एक पाणघोडा बोलतोय. दचकू नका, कापडी आहे. हात आत घालून चालवायची बाहुली असते ना, त्यातला. तोंड एवढं मोठं की माणसाची चारही बोटं वरच्या जबड्यात मावतात आणि खालचा जबडा एकटा अंगठा सांभाळतो. बाकी रूपाचं म्हणाल तर बेताचंच, पण तोंडाच्या बाबतीत ताईनं हात आखडता घेतला नाही.

ताई म्हणजे मला शिवणारी. अडखळणाऱ्या, तोंड न उघडणाऱ्या मुलांना बोलतं करायचं तिचं काम. एका छोट्या उपचार केंद्रात ती नव्यानं लागली होती आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं की मुलं तिच्याशी बोलत नाहीत, तिनं बोटांवर गुंडाळलेल्या रुमालाशी बोलतात. मग तिनं घरी येऊन बाबांचा कोपरावर विरलेला करडा कोट कापला. बाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला हातात घालून तिच्यावर भुंकले. पाणघोडे भुंकत नाहीत, पण सांगणार कोण त्यांना?

ताईला एक भाऊ. आता सत्तरी गाठली तरी घरात सगळे त्याला धाकटाच म्हणतात. तो मुलांच्या एका साप्ताहिकात चित्रं काढायचा. मी शिवणयंत्रावर पालथा पडलो होतो, तेव्हा त्यानं मला पाहिलं आणि तिथल्या तिथे एक आळशी पाणघोडा कागदावर उतरवला. नाव ठेवलं लोळोबा. कागदावर त्यानं मला जरा नटवलं, हे खरं. छापखान्यात निळी शाई उरली होती म्हणून लोळोबा निळा झाला. पुढे तर असा गाजला म्हणता! मुलं त्याला पत्रं पाठवायची, तुला सर्दी झाली तर एवढ्या मोठ्या नाकाला रुमाल कुठून आणतोस, असलं काहीबाही विचारायची. मी टेबलाच्या खणात पडून मनातल्या मनात फुगायचो.

मग साप्ताहिक बंद पडलं आणि एका कंपनीनं लोळोबाला विकत घेतलं. धाकट्यानं कराराचं पहिलं पान वाचलं, शेवटच्या पानावर सही केली आणि मधली अकरा पानं विश्वासानं सोडून दिली. त्या अकरा पानांत लिहिलं होतं की लोळोबाचं नाव, रूप आणि चाल यापुढे कंपनीची. लेखी परवानगीशिवाय त्याचं चित्र कोणी काढायचं नाही. कोणी म्हणजे धाकट्यानंसुद्धा.

त्यानंतर लोळोबा डब्यांवर आला, दप्तरांवर आला, टूथपेस्टवर आला. धाकटा दुकानात उभा राहून दुकानदाराला म्हणायचा, हा माझा बरं का. दुकानदार म्हणायचा, मग देऊ का बांधून? कुणाचं मूल कागद घेऊन समोर आलं, की धाकटा दोन्ही हात खिशात घालायचा. ताईला ते बघवत नसे. मलाही नसे, खोटं कशाला बोलू.

मी मात्र केंद्रात मजेत होतो. माणसांची एक गंमत सांगतो. मोठी माणसं लहान मुलाला विचारतात, नाव काय तुझं? आणि मूल श्वास घेतंय न घेतंय तोवर आई उत्तर देऊन मोकळी होते. मला कसली घाई? मी जबडा उघडा ठेवून वाट बघतो. चाळीस वर्षांत माझ्या कानात किती मुलांनी लाळेसकट काय काय सांगितलं असेल, त्याची गणती नाही. ताई निवृत्त झाली, तरी आठवड्यातून दोनदा माझ्यासाठी म्हणून यायची. म्हणजे मुलांसाठीच, पण मला आपलं वाटायचं.

गेल्या वर्षी एक मुलगी आली. पाच वर्षांची, दोन घट्ट वेण्या. मी तिला वेणीवालीच म्हणतो. घरात आई आणि मोठ्या दादासमोर तिच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू, आणि उंबरठा ओलांडला की ओठ शिवल्यासारखे. शाळेत वर्षभरात एक अक्षर नाही. शाळेनं आईला सांगून ठेवलं होतं की अशीच राहिली तर पुढच्या वर्गात घेणं कठीण. आई बाकावर पर्स गच्च धरून बसायची. दोन महिने वेणीवालीनं नुसतं माझं नाक चिमटलं. मग एक दिवस कानाशी तोंड आणून म्हणाली, "थंडी वाजते." ताईनं दुसऱ्या हातानं पंखा बंद केला. पुढच्या खेपेला दोन वाक्यं आली, त्याच्या पुढच्या खेपेला घरच्या मांजरीची सगळी भानगड. बोलायची फक्त माझ्याशी, पण बोलायची.

आणि नेमका तेव्हाच धाकट्यानं घोळ घातला. केंद्राचं माहितीपत्रक छापायचं होतं. त्यानं हौसेनं माझा फोटो काढून दिला आणि खाली स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं: हाच मूळचा लोळोबा, या, याच्याशी बोला. इतकी वर्षं पोटात दाबलेलं त्याच्या बोटांतून बाहेर पडलं, दुसरं काय!

महिन्याभरात कंपनीचं पत्र आलं. लोळोबाचा विनापरवाना वापर ताबडतोब थांबवा, आमचे प्रतिनिधी पाहणीला येतील. केंद्राचे डॉक्टर भला माणूस, पण पत्रावरचा शिक्का बघूनच त्यांना घाम फुटला. त्यांनी मला लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

तीन आठवडे मी आत होतो. पत्र्यातून बाहेरचं ऐकू यायचं. ताई वेणीवालीशी बोलायची, पण उत्तर यायचं नाही. तिला नवाकोरा पोपट दिला, बोलणारं अस्वल दिलं. अस्वल एकटंच बोलत राहिलं. तिसऱ्या आठवड्यात आई हलक्या आवाजात म्हणाली की आता घरीसुद्धा कमी बोलते. त्या दिवशी कपाटात मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. तोंड एवढं मोठं, आणि उपयोग शून्य.

मग कंपनीच्या मॅडम आल्या. तरुण, नीटनेटक्या, हातात जाडजूड पुस्तक. लोळोबा कसा असावा याचं पुस्तक! निळा रंग कोणता, त्याचा नंबर. दात चार, दोन्ही कान समान, डोळे गोल आणि एकसारखे. मला टेबलावर ठेवून त्यांनी मोजायची टेप लावली. माझ्याकडे दात दोन. एक कान दुसऱ्याच्या निम्मा, कारण कोटाचं कापड संपलं होतं. एक डोळा कोटाचं बटण, दुसरा ताईच्या आईच्या ब्लाउजचं. आणि रंग करडा. मॅडम पान उलटत गेल्या आणि त्यांच्या कपाळावरची आठी सैल होत गेली. ताईच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण तिनं धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला.

धाकटा मात्र भांडायच्या तयारीनं आला होता. साप्ताहिकाचे पिवळे पडलेले अंक, जुनं रेखाटन, सगळं पिशवीत. मूळचा लोळोबा हाच, हे तो कोर्टातसुद्धा सिद्ध करणार होता. मॅडमनी पुस्तक मिटलं आणि शांतपणे म्हणाल्या, "काका, तुमचं चित्र असलेला कप मी लहानपणी उशाशी घेऊन झोपायचे. म्हणून तुम्हालाच विचारते. काय ते नीट विचार करून सांगा, मी तेच लिहिणार. हा लोळोबा आहे का?"

धाकट्यानं पिशवीत हात घातला होता. हो म्हणाला असता तर त्याची आयुष्यभराची इच्छा पुरी झाली असती आणि मी पुन्हा कपाटात गेलो असतो. दाराच्या काचेतून वेणीवाली आणि तिची आई बाकावर बसलेल्या दिसत होत्या. त्यानं तिकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पिशवीतून रिकामा हात बाहेर काढला.

"नाही," तो म्हणाला. "हा लोळोबा नाही. माझ्या ताईनं बाबांच्या कोटाचा केलेला एक पाणघोडा आहे."

मला ते टोचलं. आयुष्यभर मी स्वतःला कोण समजत होतो! पण त्याचा आवाज ऐकला आणि माझं टोचणं जागच्या जागी जिरलं. मॅडमनी दोन ओळी लिहिल्या: सदर वस्तू आमच्या पात्राशी जुळत नाही. माहितीपत्रक मागे घ्यावं आणि लोळोबा हे नाव वापरू नये. जाताना कोणाचं लक्ष नाही असं बघून त्यांनी माझं नाक चिमटलं.

वेणीवाली आत आली. मला पाहून तिनं आधी पाठ फिरवली. रागावली होती. मी जबडा उघडा ठेवून थांबलो. मग ती आली, कानाशी वाकली आणि तीन आठवड्यांचं साठलेलं एका दमात माझ्या पदरात टाकलं. मांजरीला चार पिल्लं झाली होती. मला कळवायचं राहून गेलं होतं.

आता मला नाव नाही, म्हणजे भरपूर आहेत. कोणी मला भोपळा म्हणतं, कोणी काका, एक मुलगा तर थेट बसगाडी म्हणतो. मी सगळ्यांना ओ देतो. तुमच्या घरातलं एखादं मूल गप्प असेल तर एवढंच करा, त्याच्या वतीनं उत्तर देऊ नका. थोडं थांबा. मी थांबतोच ना?

धाकटा हल्ली ताईबरोबर येतो. गेल्या खेपेला कोपऱ्यात बसून त्यानं गुडघ्यावर वही ठेवली आणि माझं चित्र काढलं. लोळोबाचं नव्हे, माझं. त्याला आता कोणाच्या परवानगीची गरज नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं खाली स्वतःचं नाव घातलं, पान फाडून वेणीवालीला दिलं आणि सवयीनं हात खिशात घालायला लागला.

ती ताईच्या मांडीशी बसली होती. तिनं चित्र नीट पाहिलं. मग माझ्या कानाकडे न वळता, मान वर करून, सरळ त्या म्हाताऱ्या परक्या माणसाला म्हणाली, "अजून एक काढा. दादाला."

ताईचा हात माझ्या आत होता, तिनं माझा जबडा उघडाच ठेवला. धाकट्यानं खिशातून हात काढला आणि नवं पान उघडलं.