थापायचा आवाज

नवी पेठेतल्या माझ्या मोबाईलच्या दुकानात काचेच्या काउंटरवर हात टेकायला बंदी आहे. आधी दोनदा काच फुटलीय, त्यामुळे कुणी नुसतं कोपर ठेवलं तरी मी खेकसतो. राजाबाईंनी तर एक इअरबड कानात घालून, मान खाली करून, दोन्ही हातांनी काच बडवायला घेतली.

"अहो मावशी!"

"भाकरी थापून बगते," त्या म्हणाल्या. "कानातनं पडतंय का ते कळाय नको?"

कडक भाकऱ्यांचा त्यांचा धंदा. मुलगी रेश्मा नागपूरला नर्सिंगला. पहाटे ड्युटीआधी तिला बोलायला वेळ, आणि नेमके तेव्हा आईचे हात पिठात. स्पीकरवर ठेवलेला फोन परातीत पडून बंद पडला होता, तो मीच दुरुस्त करून दिला होता. पोरगी तिकडं गेल्यापासून रडत होती, सगळं सोडून परत येते म्हणत होती. एक दिवस बोलणं चुकलं तर ही बॅग भरेल, अशी राजाबाईंना धास्ती.

स्वस्तातला बड दोन भाकऱ्यांतच घरंगळला. महागाचा घट्ट बसला. रबर मऊ, घामाने बिघडणार नाही, पडला तरी फुटणार नाही, असं सगळं मी सांगितलं.

"टोचत बी न्हाय की," राजाबाई खूश झाल्या. रविवार होता, त्यांनी लगेच रेश्माला फोन लावला. आवाज तपासायला जोडीतला दुसरा बड मी कानात घातला. त्या बोलता बोलता काचेवर थापू लागल्या.

"आई, थांबलीस का? थाप की."

"थापतीया की गं."

"मला ऐकू येत न्हाय."

"येणारच नाही," मी ऐटीत म्हणालो. "आजूबाजूचा आवाज हा पलीकडं जाऊच देत नाही."

रेश्मा हळूच म्हणाली, "त्यो आवाज आला की घरात असल्यावानी वाटतं, आई. रोज बोलाय काय असतंय? त्याच्यासाठीच तर फोन करते."

मी माझ्या कानातला बड काढला.

राजाबाईंनी बड काढून माझ्या हातात ठेवला. "पयला द्या."

"तो पडतो, मावशी. फार टिकायचाही नाही."

"रुमाल बांदीन वरनं."

मी स्वस्तातला जोडून दिला; आजूबाजूचा आवाज अडवायची सोय त्यात नव्हतीच. त्यांनी पदर कानांवरून घट्ट ओढला, पुन्हा फोन लावला आणि थाप घातली. आता पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं, पण राजाबाईंचं तोंड फुललेलं दिसत होतं. एकदम त्यांना आठवण झाली आणि हात थांबले.

"ऱ्हाऊ द्या, तुमची काच..."

"थापा हो," मी म्हणालो. "पोरगी ऐकतेय. थापा अजून."