हललेला चेहरा

चांद्याच्या शाळेतले ड्रॉइंग मास्तर गुणवंतराव यांना माणसांपेक्षा माणसांचे फोटो बरे वाटत. फोटो उलट बोलत नाहीत. साहेब लोक गेले आणि जंगलातल्या बंगल्याचं सामान लिलावात निघालं, तेव्हा खुर्च्या-टेबलांवर सगळे तुटून पडले. मास्तरांनी मात्र शिकारीच्या फोटोंनी भरलेली एक पत्र्याची पेटी उचलली. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. त्या फोटोंवरून मास्तर कोळशाच्या कांडीनं मोठमोठी चित्रं काढू लागले. बंदूकवाला साहेब वगळायचा, मेलेला वाघ वगळायचा, आणि मागं उभे केलेले, आरडाओरडा करून वाघाला बंदुकीपुढे हाकणारे बिननावाचे हाकेवाले तेवढे काढायचे.

छप्पन सालच्या उन्हाळ्यात मूल गावाच्या रस्त्यावरच्या रानातली बुधरी बाजारात चारोळी विकून पाणी मागायला त्यांच्या ओसरीवर चढली आणि भिंतीवरच्या एका फोटोपुढे खिळून राहिली. रांगेच्या टोकाच्या माणसावर तिनं बोट ठेवलं. फोटो काढताना तो हलला होता. चेहऱ्याच्या जागी नुसता पांढुरका डाग होता.

"हा माहा झिंगू. कुऱ्हाड डाव्या खांद्यावर, पाहा ना. एका जागी उभं राह्यताच येत नोयतं त्याले."

फोटोच्या दुसऱ्या दिवशी झिंगूच्या अंगात ताप होता. नाकेदार, म्हणजे जंगलखात्याचा गार्ड, घरात शिरला आणि त्याला दंडाला धरून हाक्याला घेऊन गेला. संध्याकाळी वाघानं फाडलेला झिंगू घरी आला. त्याला तीस वर्षं झाली. गावाबाहेर त्याच्या नावाचा दगड उभा होता, पण बुधरीला त्याचा चेहरा आताशा नीट आठवत नव्हता, आणि त्याची तिला धास्ती बसली होती.

"मी मेली का तिथी त्याले वळखू कशी, मास्तर? काढून देता का चेहरा?"

चार बाजार ती येऊन बसली. ती सांगायची, मास्तर काढायचे, चुकलं की पावाच्या गोळ्यानं पुसायचे. कपाळ रुंद. भुवया जुळलेल्या. खालचा ओठ जाड. चौथ्या बाजारी तिनं मास्तरांचा हात धरून थांबवला.

"हाच. डोये मिटले का हाच येते."

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्यासाठी त्यांनी छोटी नक्कल केली. मोठं चित्र 'झिंगू हाकेवाला' या नावानं नागपूरच्या प्रदर्शनात गेलं, पहिलं आलं, आणि तिथल्या एका श्रीमंत ठेकेदारानं ते विकत घेऊन आपल्या दिवाणखान्यात लावलं. हेडमास्तरांनी हार घातला. गुणवंतरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

दिवाळीनंतर बुधरी आली ती चित्र फडक्यात गुंडाळून. बसली नाही.

"दगडापाशी ठेवलं होतं. माही नणंद मंगली आली. म्हणे, वैनी, माह्या भावाच्या दगडापाशी नाकेदाराले काऊन बसवलं?"

"तिचीच काही चूक होत असेल, बुधरीबाई."

"नाई. मंग मीबी पाह्यलं. नाकेदारच हाये." ती शांतपणे बोलत होती, आणि तेच मास्तरांना सोसवेना. "तीस वर्सं रोज शिव्या देल्या त्याले. झिंगूसाठी रडून राह्यली होती मी, पन डोयापुढं तोच. ज्याच्यासाठी रडली तो पुसून गेला. पुसा हे."

मास्तरांनी पावाचा गोळा मळला. भुवया गेल्या, ओठ गेला. कागदावर पांढुरका डाग उरला. बुधरीनं कागद हातात घेतला.

"आता तिथी कोनाले शोधू?"

मास्तर बोटांवरचा कोळसा धोतराला पुसत राहिले.

"मोठंबी पुसा," ती म्हणाली.

"ते नागपुरात आहे. मी लिहितो त्यांना."

तिनं विश्वास ठेवला आणि गेली. मास्तरांनी पत्र लिहायलाही घेतलं. चार ओळींवर हात थांबला. बक्षीस परत जाईल, पेपरात छापून आलेलं नाव जाईल, हेडमास्तर काय म्हणतील. त्यांनी कागदाची घडी घातली आणि फोटोंच्या पेटीत तळाशी ठेवून दिली. स्वतःची त्यांना किळस आली, पण घडी तिथंच राहिली.

नागपूरच्या दिवाणखान्यात नाकेदार झिंगू म्हणून भिंतीवर आहे. चहाला आलेले पाहुणे त्याच्यापुढे थांबतात आणि हळहळतात, बिचाऱ्यानं केवढं सोसलं असेल.