भोंग्याचा कौल

मित्रांनो, मी एक जुना पितळी भोंगा. ओरडणे हे माझे काम आणि लाजणे हा माझा स्वभाव. तेव्हा जन्म कसा गेला असेल, तुम्हीच पाहा. आजवर 'पों' याखेरीज मी काही बोललेलो नाही. ही गोष्ट तरी नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. कंटाळा आला तर खुशाल कान झाका. लोकांनी ते नेहमीच केले आहे.

एका तांबटाने मला घडवले. पत्रा ठोकून, वळवून त्याने माझा कर्णा केला, गळ्यात पातळ पत्ती बसवली आणि मागे रबरी फुगा जोडला. फुगा पहिल्यांदा दाबला तेव्हा दुकानातले मांजर माळ्यावर पळाले. "जमलं!" तांबट म्हणाला. मला मात्र त्या मांजराची माफी मागावीशी वाटली.

मला विकत घेतले एका टॅक्सीवाल्याने. अड्ड्यावर सगळे त्याला 'वादळ' म्हणत. त्याच्या गाडीला विजेचा हॉर्न होता, पण "तो शिंकतो, हा गर्जतो," म्हणून त्याने मला खिडकीबाहेर बसवले. बाजाररस्त्याने आम्ही सुसाट जायचो. मी ओरडायचो, माणसे उड्या मारून बाजूला व्हायची आणि वादळ मिशीत हसायचा. रोज सकाळी तो मला घासूनपुसून लख्ख करी. कौतुक कोणाला नको असते?

त्या अड्ड्याची एक रीत होती. वाद झाला की मतासाठी हात वर करायचे नाहीत. आपापल्या गाडीत बसून हॉर्न वाजवायचा. ज्यांचा आवाज मोठा, त्यांचे खरे. त्यामुळे वादळ ज्या बाजूला, ती बाजू कधी हरली नाही. बाकडे झाडाखाली हवे की भिंतीशी, हेसुद्धा माझ्याच गळ्यावर ठरले.

रस्त्यापलीकडे, अड्ड्याच्या अगदी समोर, वादळची थोरली बहीण राहत असे. सगळे तिला आक्का म्हणत. गुडघे धरल्यापासून तिने रस्ता ओलांडणे सोडले होते. ती खिडकीतून हात करी, वादळ मला एकदा दाबून उत्तर देई. "येतो गं संध्याकाळी!" तो ओरडे, आणि संध्याकाळी नेमके लांबचे भाडे मिळे.

मग नगरपालिकेने बाजाररस्त्यावर ताशी पन्नासची वेगमर्यादा तीसवर आणली. महिनाभर करून पाहायचे आणि चालकांचे मत विचारून कायमचे ठरवायचे, असे सांगितले. अड्डा खवळला.

"तीस? अरे, तीसनं माझी गाडी घोरायला लागेल!" वादळ म्हणाला.

"गिऱ्हाईक म्हणेल, थांब बाबा, चालत लवकर पोचतो," कुरकुऱ्या म्हणाला. कुरकुर हाच त्याचा जोडधंदा होता. "बोळात ठेवा तीस. मोठ्या रस्त्याला कशाला?"

अड्ड्यावरच्या एकुलत्या एक चालकबाई वेळेला इतक्या पक्क्या, की त्यांना 'घड्याळबाई' नाव पडले होते. त्या हसल्या. "मी पूर्वी पळत जाऊन लाल दिव्यापाशी तिष्ठत बसायचे. आता सावकाश जाते, तर दिवा हिरवा होऊन माझी वाट बघतो. पोचते तेव्हाच!"

एका दुपारी आम्ही कुरकुरत तीसने येत होतो. समोर एक म्हातारी काठी टेकत रस्त्यात उतरली. वादळचा हात सवयीने फुग्याकडे गेला आणि तिथेच थांबला. ती आक्का होती. गाडी अलगद उभी राहिली.

आक्काने काठी उगारली. "वाजव! वाजवून तर बघ!"

"आक्का, तू इथं कशी?"

"पायांनी. पूर्वी नुसता वारा सुटायचा इथं. आता गाडीतली माणसं दिसतात. डोळ्यांत बघितलं की थांबतात. हा घे डबा. किती वाळलास रे!"

त्या दिवसापासून दोघे रोज बाकड्यावर एकत्र जेवू लागले.

महिना संपला. नगरपालिकेच्या बाई मत ऐकायला आल्या. अड्ड्याचे म्होरके काका ओरडले, "ज्यांना पन्नास परत हवं, त्यांनी वाजवा!"

बरेच हॉर्न वाजले. सगळे वादळकडे पाहू लागले. त्याचा तळवा माझ्या फुग्यावर होता. बाकड्यावर आक्का डब्याचे झाकण लावत होती.

"माझ्याकडं बघू नकोस," ती म्हणाली. "पन्नास आलं तर मी आपली खिडकीत बसेन. सवय आहे मला."

"वादळा, दाब की! फुगा फुटला का?" कुरकुऱ्या ओरडला.

वादळने हात उचलला. माझ्याविना तो सगळा गलका कोंबड्यांच्या खुराड्यासारखा वाटला.

"तीसच राहू दे म्हणणाऱ्यांनी वाजवा!"

वादळने दोन्ही हातांनी मला दाबले. मित्रांनो, जन्मात पहिल्यांदा मी न लाजता ओरडलो! झाडावरची पाखरे उडाली. घड्याळबाईंचा हॉर्न माझ्यासोबत होता, पण तो त्यांनाही ऐकू आला नाही. नगरपालिकेच्या बाई कानांत बोटे घालून म्हणाल्या, "कळलं हो, कळलं!"

"बास रे, बहिरी झाले!" आक्का म्हणाली आणि डोळे पुसत हसत राहिली.

तीस कायम झाले आणि माझे काम संपले. फुगा कडक झाला, पितळ काळवंडले. वादळ मला विसरलाच असे वाटू लागले, तेवढ्यात त्याने नवा फुगा बसवून मला बाकड्याच्या पाठीवर ठोकले. आता दुपारी आक्का रस्ता ओलांडून येते, मला एकदाच दाबते आणि अड्डा जेवायला जमतो. कुरकुऱ्या सगळ्यांच्या आधी.

मित्रांनो, उद्या तुम्ही गाडी चालवाल. समोर कोणी दिसले तर हात भोंग्याकडे जाण्याआधी पाय ब्रेककडे जाऊ द्या. कडेला कोणाची तरी आक्का उभी असेल आणि तिच्या डब्यातले निवत असेल. आणि एखादा जुना भोंगा दिसला, तर त्याला जरा फडके मारा. लाजऱ्यांनाही चकाकायला आवडते.